मावशीच्या विहिरीचं पाणी

मावशीच्या परसातल्या विहिरीचं पाणी अजून नितळ दिसतं. पण जवळच्या कारखान्याचं सांडपाणी जमिनीत मुरलं, आणि हे पाणी पिऊ नका, असं तपासणीवाले सांगून गेले. डोळ्यांना दिसत नाही त्याला माणसानं घाबरायचं तरी कसं?

परवा मी गेले तेव्हा मावशी तेच पाणी शेंदून म्हशीपुढे ठेवत होती.

"अगं, तिला हे कशाला?"

"मग काय पाजू? टँकरचं आम्हालाच पुरत नाही."

म्हैस निवांत पीत राहिली. मग मावशीनं तिच्याच दुधाचा दाट चहा केला. मी कप नुसता धरून बसले.

"पी गं," मावशी खाली बघत म्हणाली, "आम्ही रोज पितोच की."

मी प्याले. चवीत काहीच फरक नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली.