जहाजमामा

आमच्या ऑर्गनवाल्या मामांनी समुद्र पाहिला तो फक्त चौपाटीवर उभं राहून. तरी पूर्व विदर्भातली सगळी झाडीपट्टी त्यांना जहाजमामा म्हणायची. तरुणपणी ते मुंबईच्या एका हॉटेलात पियानोवर जाझ वाजवत. पुढे गावी, ब्रह्मपुरीला परतले आणि वडशाच्या आमच्या नाटक कंपनीत ऑर्गनवर बसले. पहिल्याच प्रयोगाला माईकवाल्यानं जाहीर केलं, “बंबईले जहाजावर वाजवणारे महान कलाकार!” मी म्हटलं, मामा, दुरुस्त करायला सांगू का? तर म्हणाले, “राहू दे. बरोबरच सांगतलं त्यानं. वाजवताना माह्या पायाखाली जमीन कुठी असते?”

ते खोटं नव्हतं. नाटकातलं पद साधंच असायचं, गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असलेलं. मामांचा डावा हात शहाण्या बैलासारखा संथ चालत राही आणि उजवा मात्र शेताच्या धुऱ्यावरून उतरून कुठल्या कुठे जाई. आता हे काही परत येत नाहीत, असं वाटून तबलजीच्या कपाळाला घाम फुटे. मग ऐन समेवर मामा हजर, शेजारी तंबाखू मागायला जाऊन आल्यासारखा चेहरा करून. तबलजी एकदा वैतागून म्हणाला, “मामा, जाताना सांगून त जात जा.” मामा म्हणाले, “मले माहीत असतं त सांगतलं नसतं का?”

आमच्याकडे ‘वन्स मोअर’ म्हणजे कलावंताची खरी कमाई. लोकांनी मागितलं की पद जसंच्या तसं पुन्हा गायचं, हा रिवाज. मामांनी तो कधी पाळला नाही. दुसऱ्या खेपेला त्यांच्या हातून वेगळंच काही निघे आणि गाताना माझी तारांबळ उडे. एकदा मी भांडलेच. “लोकांनी तेच मागितलं होतं, मामा.” ते शांतपणे म्हणाले, “तेच त त्यायनं आत्ता ऐकलं न, बेटा. शिळं काऊन वाढू?”

नंतर माझ्या गळ्यातली गाठ काढावी लागली. काळी चारच्या उंच पट्टीत गाणारी मी, शस्त्रक्रियेनंतर वरचे सूर लागेनात. कंपनीनं माझी पदं दुसऱ्या मुलीला द्यायचं ठरवलं. मला गाण्याशिवाय काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं वाटतही नव्हतं. मी घरात तोंड लपवून बसले. मामा दुपारचे आले, म्हणाले, “म्हणून पाहाय.” म्हटलं. आवाज फाटला, मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, “तुहा आवाज कुठी गेला नाई. खालच्या खोलीत राह्यले गेला. आपण तिथी जाऊन भेटू त्याले.”

मग दुपारी-दुपारी आम्ही खालचे सूर शोधत बसलो. हंगामाच्या तोंडावर त्यांनी मालकाला सांगितलं, “तिची पदं तीच म्हणन. नाई त माहाही ऑर्गन घरी राहीन.”

त्या पहिल्या प्रयोगात पद खालच्या पट्टीत होतं, तरी एका चढत्या जागेवर माझा आवाज सरला. दुसऱ्या कुणी वाजवणाऱ्यानं तो सूर दाबून धरला असता आणि माझी लाज झाकली असती. मामांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. मला त्यांचा असा राग आला म्हणता! त्या रागातच मी होते त्या सुरावरून खाली उतरले, कधी न म्हटलेल्या वाटेनं ओळ पुरी केली. मग कुठे त्यांचं एक बोट हललं, माझ्या सुराशेजारी येऊन बसलं. मंडपातून आवाज आला, “वन्स मोअर!”

मी रंगमंचाच्या कडेला वाकून कुजबुजले, “मामा, काय म्हटलं ते आठवत नाही.”

“मले तरी कुठी आठवते?” मामा म्हणाले. “चाल.”

माझी पदं माझ्याकडेच राहिली. आज मी गाते ती त्या माणसामुळे, हे मी कुणालाही सांगते.

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. मी ब्रह्मपुरीला गेले तर खाटेवर बसून, मांडीवर छोटा कीबोर्ड घेऊन एका हातानं वाजवत होते. म्हणाले, “खालचं रिकामं वाटून राह्यलं, बेटा. ते तू म्हण.” त्यांचा डावा हात जिथे चालायचा तिथे मी माझा आवाज ठेवला. इतकी वर्षं त्या जाड आवाजाची मनातून मला खंत होती. त्या दिवशी तो नेमका हवा तिथे बसला. मामी चहा घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

पावसाळा सरता सरता मामा गेले. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तेव्हा ऑर्गनवर नवा वादक होता. मी त्याला म्हटलं, या पदात तू फक्त डावा हात चालव. मी खालून गायले, आणि उजव्या हाताची वरची सगळी जागा मोकळी ठेवली.