दिव्याचा पट्टा माझ्या मनगटावर

गेल्या लग्नसराईत माझी मुलगी दिव्या आठवडाभर एकाच वेळी दोन ठिकाणी होती. एक म्हणजे शाळेतला तिचा बाक आणि दुसरं, लिंबायतमधलं मी काम करतो ते खातं. (आमच्या सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला खातं म्हणतात.)

झालं असं की, नववीतल्या मुलांना खेळायची किती ओढ आहे हे मोजायला कॉलेजातून एक मॅडम शाळेत आल्या. प्रत्येक मुलाच्या मनगटाला घड्याळासारखा पट्टा बांधायचा, आठवडाभर त्याची हालचाल नोंदवायची आणि मग समोर बसवून विचारायचं की बाळा, तू का खेळतोस? विषय साधा होता. पण आमच्या घरात शिरलेला कुठलाही साधा विषय धड बाहेर पडत नाही.

दिव्या रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर धावायला जायची. चांगली धावायची. नेमके त्याच आठवड्यात घरी साड्यांचे गठ्ठे येऊन पडले. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम दिव्याची आई घरी करते आणि लग्नसराईत तिचे दोन हात पुरत नाहीत. मग मैदान बंद, आणि शाळेतून आली की पोर साडीसमोर! आमच्या गल्लीत या वयाच्या मुली अशाच थोड्या दिवसांसाठी म्हणून बसतात. त्यातल्या कितीतरी नंतर फक्त स्वतःच्या लग्नात उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. मला दिव्याबद्दल तीच भीती वाटत होती. आणि भीती वाटली की मी काहीतरी हुशारी करतो.

त्यात पर्वत पाटियाच्या चहाच्या टपरीवर एकाने छातीठोकपणे सांगितलं, "ज्याच्या पट्ट्याचा आकडा कमी, त्याला धावण्याच्या वर्गातून काढणार." (सांगणाऱ्याला मूलबाळ नव्हतं, शाळेशी संबंध नव्हता. पण माणूस मोठ्या आवाजात बोलत होता!)

"आण तो पट्टा इकडे," मी घरी येऊन म्हणालो.

"पप्पा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही असं मॅडमनी सांगितलंय!"

"मी दुसरा आहे का? बाप आहे!"

"काय करी राह्यनात तुम्ही?" दिव्याची आई साडीतून मान न उचलता म्हणाली.

"पोरीचं भविष्य घडवतोय!"

"मंग जरा धीरे घडावा. टिकल्या उडतीस."

आठवडाभर पट्टा माझ्या मनगटावर होता. लूमवरचा कारीगर दिवसभर करतो काय? दोन रांगांच्या मधून चालतो. इकडचा धागा तुटला की इकडे, तिकडचा तुटला की तिकडे. खात्याची जमीन इतकी थरथरते की जेवायला बसलं तरी डब्यातलं वरण हलत असतं. माझा पट्टा जेवतानासुद्धा धावत होता! मी मनातल्या मनात दिव्याला पहिला नंबर देऊन टाकला.

पट्टा परत गेला आणि दोनच दिवसांत शाळेतून बोलावणं आलं. आम्ही तिघं गेलो. मी नवा शर्ट घातला होता. (सत्कार होईल असं वाटलं होतं!)

मॅडमच्या लॅपटॉपवर एक रेघ डोंगरासारखी उभी होती. सकाळी सातला चढायची ती संध्याकाळी सातलाच उतरायची. शाळेच्या तासांतही तशीच. आणि शेजारी मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, हजेरीची वही घेऊन बसले होते. तिच्यात दिव्या रोज वर्गात हजर!

"भाई, सच बताओ," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "बच्ची को लूम्स पे भेजते हो?"

माझ्या पायाखालची जमीन थरथरली, आणि इथे तर एकही लूम नव्हता. खात्यात लहान पोर कामाला आहे असा संशय बाहेर गेला तर शेठ मला त्याच दिवशी काढणार. मी घाईघाईने म्हणालो, "मॅडम, ये नींद में चलती है!"

"दिवसा?" मोठ्या सरांनी विचारलं.

मॅडमनी मान हलवली. "जब तक पूरी बात पता नहीं चलती, इसका दौड़ना बंद. इतनी थकी बच्ची को मैं मैदान पे नहीं भेजने दूँगी."

म्हणजे जे मैदान वाचवायला मी निघालो होतो, ते मीच बंद करून ठेवलं होतं! आता दिव्याच्या आईला राहवेना.

"अहो सर, हाऊ पट्टा ह्यासनी बांधेल व्हता! पोर तं घर बशीसन टिकल्या लायी राह्यनी व्हती!"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. मग मॅडम दिव्याकडे वळल्या.

"बेटा, तू क्यों दौड़ती है? मजा आता है?"

दिव्या चपलेकडे बघत राहिली. "पता नहीं, मॅडम. घर पे रही तो साडी लेके बैठना पडता है. एक बार बैठी, तो फिर कोई उठने नहीं देगा."

एरवी अख्ख्या गल्लीला पुरून उरणारी तिची आई नखावर चिकटलेली टिकली खरवडायला लागली. मला त्या नव्या शर्टाची लाज वाटली. पोरीला सगळं कळत होतं, आणि मी तिच्या बाजूने उभं राहायचं सोडून तिचा पट्टा घालून फिरत होतो.

मॅडमनी लॅपटॉप मिटला आणि मला विचारलं, "और आप, भाई? पूरे स्कूल में सबसे ज्यादा आप चले हो. मन से चलते हो?"

"मॅडम, रुका तो धागा टूटता है," मी म्हणालो. माझ्या मते हा विनोद होता. कुणी हसलं नाही.

दिव्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मैदानावर जायला लागली. पण साड्या काही कमी झाल्या नाहीत, म्हणून आता संध्याकाळी तिच्या जागी मी बसतो. दिव्याची आई माझ्या टिकल्या उपटून पुन्हा चिकटवते. गल्लीतल्या बायका मुद्दाम दारावरून जातात. दिव्या धापा टाकत परत येते, मी दिवसभराचं कर्तृत्व वर धरून दाखवतो, आणि ती आईला म्हणते, "मम्मी, उद्या पप्पांना पळायला पाठव. मी बसते."

ती गमतीने म्हणते. पण मी जागा सोडत नाही, आणि घाईघाईने पुढची टिकली वाकडी लावतो.