नुसतं पाणी चमकलं

"हे कसं काय चमकतंय? यात तर नुसतं पाणी आहे!" लॅबचे मोठे सर ओरडले. अंधाऱ्या खोलीत, जांभळ्या दिव्याखाली संशोधन करणाऱ्या मॅडमच्या सगळ्याच बाटल्या निळ्या पेटलेल्या. नुसत्या पाण्याची पण.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या त्या लॅबमध्ये मी बाटल्या धुवायची. मी आठवी नापास, पण मॅडमनी मला समजावलेलं. त्यांचा रंग पाण्यात मोकळा असला की विझल्यासारखा असतो. मग एक पांढरी पावडर टाकायची. तिचा कणन्‌कण वाटीसारखा पोकळ. रंग त्या वाटीत जाऊन बसतो, पाण्यापासून लपतो आणि चमकतो. "कुणी ढकलावं लागत नाही ताई, आपणहून बसतो." मला ते लय आवडलेलं. म्हणजे नुसतं पाणी काळंच दिसायला पाहिजे ना?

तेवढ्यात दिव्याखाली कडेवरच्या माझ्या पोरीचं झबलं तसंच निळं पेटलं. मी तिला दिव्यापासून मागं घेतलं.

आदल्या दिवशी पोरीला ताप. तळवलीहून तिला घेऊन आले तर उशीर. बाटल्या आधी ॲसिडमध्ये भिजवायच्या, मग दहा पाण्यांत काढायच्या. तेवढा वेळ कुठला? मी घरची कपड्यांची पावडर लावली, पोरीचं झबलं धुते तीच, कपडे चमकवणारी. दोन पाण्यांत काढल्या. लख्ख निघाल्या! दहा पाणी का, ते कधी कुणी सांगितलं होतं मला?

"सर, त्या बाटल्या मी..."

"तू मधे बोलू नको गं. पोरीला गप कर आधी." मग मॅडमकडे वळून, "आठ दिवस काय केलंस? पाण्यात पण तुझा रंग पाडलास! सोमवारपासून हे काम दुसऱ्याला."

"सर, ऐका ना..."

"अजून इथंच? पोरीला आणायची परवानगी दिली ती चूकच झाली माझी. आता एक तक्रार आली ना, तर उद्यापासून येऊ नको."

नंतर मॅडम मोरीपाशी आल्या. डोळे लाल. "ताई, बाटल्या नेहमीसारख्याच धुतल्या ना?"

पोर खांद्यावर तापलेली. "हो मॅडम," मी म्हटलं.

त्या आत जाऊन परत पहिल्यापासून ती पांढरी पावडर मोजायला बसल्या, त्याच माझ्या बाटल्यांत. मी दारात उभी. सांगितलं तर माझं काम जाणार, नाही सांगितलं तर त्यांचं. तुमी असता तर काय केलं असतं?