हामूरच्या काचेसमोर उच्चारलेले एक वाक्य

जुलै १९९७: युरोपातल्या एका जुन्या शहराच्या, शंभरी ओलांडलेल्या मत्स्यालयातून माझ्या पत्नीला बाहेर काढण्यात आले. सप्टेंबर १९९७: माझ्या पहिल्या पत्राला उत्तर म्हणून रंगीत माहितीपत्रक आले. मार्च १९९८: दुसऱ्या पत्राला उत्तर म्हणून मोफत प्रवेशाची तिकिटे आली. जबाबदार तिघे: दालनाचा रखवालदार, त्याला दुभाषी म्हणून आपणहून लाभलेले, टाय लावलेले आपल्याच देशाचे एक गृहस्थ, आणि तिकिटांसोबतच्या चिठ्ठीवर सही करणारे संचालक.

आम्ही तेव्हा अमिरातीतल्या अल ऐनला राहत होतो. मी एका कंपनीच्या कायदा विभागात होतो. पत्नी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाढलेली, आणि नशिबी आले समुद्र नसलेले गाव. त्या सुट्टीत काचेमागे भला मोठा हामूर, आखातातल्या बाजारात रोज दिसणारा मासा, दिसला, तशी ती खुलली.

"अहो, इकडे या! आपला हामूर! केवढं डोकं बघा! आमसूल घालून कालवण केलं ना, तर आपली अख्खी बिल्डिंग जेवेल."

मुलगी हसली, मी हसलो. मराठी समजणारे ते टायवाले गृहस्थही हसले आणि त्यांनी ते वाक्य रखवालदाराला भाषांतर करून सांगितले. तो हसला नाही. प्राण्यांचा अवमान झाला, असे म्हणत त्याने दाराकडे बोट केले.

"भाभीजी, यहाँ ऐसा नहीं बोलते," गृहस्थांनी वर समजही दिली.

तिने काचेला हात लावला नव्हता, आवाज चढवला नव्हता. बाहेर पडताना नियमांची पाटी मी शब्दन्शब्द वाचली. कालवणाला मनाई नव्हती. त्याच इमारतीच्या उपाहारगृहात मात्र तळलेला मासा लिंबाच्या फोडीसह मिळत होता. खाणाऱ्यांना कोणी हाकलत नव्हते.

अल ऐनच्या मासळीबाजारात ही बाई कल्ले उलटून बघे, भावावरून केरळी विक्रेत्याशी कडाकडा भांडे. परतल्यावर, शेजारी गोरे गिऱ्हाईक उभे असले की ती नुसते बोट दाखवू लागली.

"दीदी, आज झगडा नहीं?" विक्रेत्याने एकदा विचारले.

ती कसनुशी हसली. माझी तक्रार त्या हसण्याविषयी आहे.

तिकिटे मी परत पाठवली. मुलगी वैतागली: "बाबा, खलास! इट्स जस्ट अ फिश!" पत्नी म्हणाली, "तो मासा मजेत पोहतोय. गळाला तुम्हीच लागलात." वाक्य झकास होते, पण ते तिने माझ्या कानाशी, कुजबुजत म्हटले. आम्ही मासळीबाजारात उभे होतो.

म्हणून संचालक महाशय, मागणी आजही तीच. खाजगी चिठ्ठी नको, तिकिटे नकोत. हामूरच्या काचेशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांत लिहा: माझ्या पत्नीच्या वाक्याने आपला कोणता नियम मोडला? असा नियमच नसेल, तर तेही तिथेच, तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहा.