आतोबांचा ट्रान्समीटर

माझ्या बायकोच्या आतोबांना, म्हणजे तिच्या आत्याच्या यजमानांना, बिघडलेल्या वस्तू घाबरतात, असं माझं ठाम मत आहे. त्यांनी नुसता चष्मा पुसायला घेतला तरी अर्ध्या वस्तू आपणहून सुरू होतात आणि उरलेल्या कबुलीजबाब देतात. उभा जन्म टेलिफोन खात्यात गेल्यामुळे माणसांशी बोलतानाही त्यांचं अर्धं लक्ष खरखर कुठून येते इकडेच असतं. लोहा गावच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत माइक शिट्ट्या मारायला लागला. आतोबा अंतरपाट धरून उभे होते. हातातलं टोक त्यांनी भटजींच्या हातात दिलं आणि तडक कर्ण्याकडे गेले. शिट्टी थांबली, पण तोवर अंतरपाट लोंबून नवरा-नवरीनं एकमेकांना पाहून घेतलं होतं.

दुरुस्तीला बसले की आधी चौकशी. वस्तू बंद पडली तेव्हा जवळ कोण होतं, काय बोलणं चाललं होतं, सगळं विचारणार. आमच्या मिक्सरची चौकशी त्यांनी अशी केली की, मला माहीत नसलेल्या दोन गोष्टी बायकोनं कबूल केल्या. संशयावरून पार्ट बदलणं त्यांना बिलकुल मंजूर नाही. "सर्दी झाली म्हनून कुनी नाक बदलतं का, जावईबापू?" असं ते विचारतात. आणि घरात त्यांचा एकच कायदा: बंद वस्तू घरात राहणार नाही. सुरू करा, नाहीतर भंगारात द्या. स्वतःच्या लग्नातलं घड्याळसुद्धा त्यांनी याच कायद्याखाली भंगारात घातलं, आणि त्यावर आत्या आठ दिवस बोलली नव्हती.

आत्या जाऊन दोन वर्षं झाली. यंदा उदगीरचं घर सोडून मुलाकडे नांदेडला जायचं ठरलं, म्हणून सामान बांधायला मी गेलो. माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला, त्यातून वर येणारी लांब एरियल आणि दोन गुंड्या. पोरवयात त्यांनी स्वतः जुळवलेला ट्रान्समीटर! याच्यावर ते तळ्यात लाकडी बोट चालवायचे, काठावर बसून, दोरीबिरी काही नाही. त्यांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. टेम्पो परवा यायचा होता.

"परवापत्तोर बोलला तर नांदेडला यील. न्हाई तर भंगार," आतोबा म्हणाले.

"अहो, हा तरी राहू द्या की!"

"स्वतःसाठी मोडला तर त्यो कायदा कशाचा?" असं म्हणाले खरे, पण डब्यावरचा हात काही काढला नाही.

मग दीड दिवस मी जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. नकाशा नाही, कागद नाही; पन्नासएक वर्षांपूर्वी जोडलेली तार न् तार त्यांना पाठ. जावयाचा मान म्हणून मला अंगणाच्या टोकाला उन्हात उभं केलं होतं, हातात लहरी आल्या की हलणारं सुईचं यंत्र देऊन. ते आतून "हाललं का?" विचारायचे, मी "न्हाई!" ओरडायचो. समोरच्या काकूंनी दोनदा पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे काळजीनं पाहिलं. सेल तपासले, तारांच्या सांध्यांवरचे कथलाचे डाग तपासले, लहर धरून ठेवणारा क्रिस्टल तपासला. "जीव हाय," ते म्हणाले, "आवाज निघून राहिला, पर दाराभाईर जाऊन न्हाई राहिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भिंग लावलं. लहर जुळवायचा एक चिमुकला स्क्रू असतो, त्याच्या पातळ पत्र्यांच्या फटीत लाल कण अडकले होते. मला वाटलं गंज. आतोबांनी बोटाच्या टोकावर एक कण घेतला आणि त्याचा वास घेतला.

"कुंकू हाय," ते म्हणाले.

दसऱ्याला आत्या घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायची. पक्कड, तारा सांधायची डागणी, मीटर, सगळ्यांना हळदकुंकू. दरवर्षी भांडण व्हायचं; यांचं म्हणणं, बाहेरून लाव. तिच्या शेवटच्या दसऱ्याला पूजेसाठी माळ्यावरून काढलेला हा डबा उघडा राहिला असणार, आणि तिनं भक्तिभावानं नेमकं काळजातच बोट टेकवलं होतं.

बिघाड सापडल्याच्या आनंदात मी स्पिरिटची बाटली पुढे केली. एक थेंब, एकदा ब्रश, की झालं! आतोबांनी ब्रश घेतला, फटीपर्यंत नेला आणि खाली ठेवला. मग बाटलीचं झाकण लावलं. आणि मला परत अंगणात पाठवलं.

त्यांनी स्क्रूला हातच लावला नाही. शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात आगकाडीचं टोक घालून ते एकेक वेढा केसभर फाकवायला लागले. कुंकवानं लहर जेवढी ढळली होती तेवढी इकडून ओढून आणायची, असा तो हिशोब. हे मला नंतर कळलं, तेव्हा मी अंगणात "न्हाई!" ओरडत होतो. तिन्हीसांजेला सुई थरथरली आणि एकदम टोकाला गेली. मी लहान पोरासारखा "हाललं, हाललं!" करत आत धावलो.

आतोबा डब्याचं झाकण बसवत होते. वर न बघताच म्हणाले, "कुंकू बराबरच व्हतं, जावईबापू. माझंच जुळवून घ्यायचं राहिलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी सगळं सामान टेम्पोत मागे चढलं. डबा मांडीवर घेऊन ते पुढे बसले, आणि नांदेड येईपर्यंत त्यांनी तो कुणाकडे दिला नाही.