पांढऱ्या डोळ्याचं सोयाबीन

दसरा नुकताच झाला होता आणि आम्ही दोघी जावा रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर सोयाबीन पसरत होतो. शिंगणापूरला दर्शनाला निघालेली एक गाडी पुढं जाऊन पुन्हा मागं आली. आतून पन्नाशीच्या एक बाई उतरल्या, पदर खोचून सरळ ताडपत्रीजवळ बसल्या आणि मूठभर दाणे हातावर घेऊन निरखायला लागल्या.

"कुठलं वाण आहे हे?" त्यांनी विचारलं.

माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "पिवळं हाय की."

बाई हसल्या. त्या पुण्याला सोयाचं दूध आणि पनीर बनवत होत्या. आमचं सोयाबीन दर वर्षी सोनईच्या आडतीवर जायचं, तिथून तेलाच्या गिरणीत. तेल निघणार असलं की दाणा फुटका आहे का, चार जातींची मिसळ आहे का, याची फिकीर कुणी करत नाही. पण माणसाच्या खाण्यासाठी वेगळा माल लागतो, हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं. बाईंनी दोन दाणे शेजारी शेजारी ठेवले. दाणा शेंगेला चिकटलेला असतो तिथं त्याच्यावर एक ठिपका असतो, त्याला त्या डोळा म्हणत होत्या. एकाचा डोळा काळा होता, दुसऱ्याचा पांढरट.

"काळ्या डोळ्याचा दाणा आला की माझं पनीर मळकट दिसतं," त्या म्हणाल्या. "मला सगळा पांढऱ्या डोळ्याचा, न फुटलेला, बिनमिसळीचा माल मिळाला तर दर वर्षी तुमच्याकडूनच घेईन."

फोन नंबर देऊन त्या दर्शनाला गेल्या. जाऊबाई बराच वेळ ताडपत्रीवर वाकून दाण्यांचे डोळे बघत बसल्या होत्या.

आमच्या घरात ऊस पुरुषांचा आणि सोयाबीन आमचं, असं कधीतरी आपोआप ठरून गेलेलं. त्यामुळं पुढच्या पावसाळ्यात कुणाला फार विचारावं लागलं नाही. बाईंनी सांगितलेल्या वाणाचं बियाणं आणून विहिरीजवळच्या दोन एकरांत पेरलं. माझे मालक फक्त एवढंच म्हणाले, "आडत्याला सोडून पुण्याच्या बाईच्या नादी लागताय, बघा बुवा."

श्रावणात फुलं आली आणि आम्हाला धक्का बसला. या वाणाला पांढरं फूल येतं असं बाईंनी सांगितलं होतं, पण रानात मधूनमधून जांभळी फुलं डोकावत होती. मी पुण्याला फोन लावला. बाई म्हणाल्या, "जांभळ्या फुलांची झाडं दुसऱ्या जातीची. आत्ताच उपटून टाका, शेंगा भरल्यावर ओळखू येणार नाहीत."

शेंगा धरायच्या तयारीतली ठणठणीत झाडं मुळासकट उपटायची, याला माझा हात धजेना. जाऊबाईंचा मात्र धजला. त्या तासातासानं, एकेका ओळीतून पुढं जात, फुलं बारीक असतात म्हणून पानं बाजूला सारत, आणि जांभळं दिसलं की झाड उपटून खांद्यावर टाकत. बांधावरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं थांबून विचारलं, "काय गं, चांगलं पीक उपटताय का?"

"फूल आवडलं न्हाई, मामा," जाऊबाई म्हणाल्या.

तो मान हलवत गेला आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं, की या दोघींना रंगाची खोड लागली आहे.

खरी लढाई मळणीच्या वेळी झाली. मळणी यंत्राचा मालक आमच्या दिराचा मित्र, घाईचा माणूस. त्याच्या यंत्रात आदल्या शेतातलं सोयाबीन अडकलेलं होतं. आम्ही आधी ते झाडून काढायला लावलं. त्यानं नाक मुरडत काढलं. यंत्र सुरू झालं आणि पहिल्याच घमेल्यात निम्मे दाणे फुटून डाळ झालेले. जाऊबाईंनी हात वर करून यंत्र थांबवलं.

"याचा वेग कमी कर."

"वहिनी, कमी केला तर शेंगा नीट झडायच्या न्हाईत."

"झडतील. उन्हात वाळून खुळखुळा झाल्यात."

"मग दिवाळी हितंच करायची का मी?"

"कर की. फराळ आमी देतो."

तो तणतणत खाली उतरला, यंत्राची पुली बदलली, जाळीजवळ काहीतरी पिळलं आणि पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या घमेल्यात फूट कमी झाली. आणखी जरा कमी केल्यावर दाणे गोल, अखंड यायला लागले, मोत्यासारखे. मग त्यालाच मजा वाटायला लागली. धारेखाली ओंजळ धरायचा आणि आम्हाला आणून दाखवायचा, जणू त्यानंच पिकवलेत. जाऊबाई त्याला चहा देताना म्हणाल्या, "आता कसं माणसासारखं चालवतोस."

सगळंच मात्र साधलं नाही. एका कोपऱ्यातल्या कापणीवर अवकाळी पावसाची सर आली होती, तिथल्या दाण्यांवर जांभळट डाग पडले. तो माल आम्ही मुकाट्यानं आडतीवर पाठवला.

बाकीचा माल निवडून ठेवला, तेव्हा पुण्याच्या बाईंचा फोन आला. त्यांचं काही गिऱ्हाईक बियाण्याच्या जनुकात फेरफार केलेलं नाही ना, याची खात्री मागत होतं. आपल्याकडं तसलं सोयाबीन पेरायची परवानगीच नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून त्यांनी तपासणीच्या कागदी पट्ट्या कुरिअरनं पाठवल्या. दाणे दळायचे, पाण्यात कालवायचे, त्यात पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर माल चोख, दोन आल्या तर फेरफार असलेला.

आम्ही स्वयंपाकघरात पेल्यात पट्टी बुडवली आणि डोक्याला डोकं लावून वाट बघत बसलो.

"एक आली का दोन?" जाऊबाई कुजबुजल्या.

"एकच दिसतेय."

"नीट बघ. दुसरी पुसट असंल."

"नाही, एकच."

"सुटलो बाई."

मागं काहीतरी वाजलं म्हणून वळलो, तर दारात आमच्या सासूबाई उभ्या. चेहरा एकदम कडक.

"कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"काय कुणाचं, आत्याबाई?"

"मला येडी समजू नका. माझ्या लेकीनं बी असलंच बघितलं हुतं." मग त्यांनी आधी माझ्याकडं, नंतर जाऊबाईंकडं पाहिलं. जाऊबाईंची थोरली मुलगी तेव्हा लग्न होऊन सासरी गेलेली. "या वयात?"

जाऊबाई हसून हसून ओट्याला टेकल्या, त्यांना बोलता येईना. शेवटी मीच म्हणाले, "आत्याबाई, सोयाबीनचं हाय हे."

सासूबाईंनी पेल्यात वाकून पाहिलं. "सोयाबीनला दिवस गेल्यात का न्हाई ते बघता व्हय?" असं म्हणून त्या स्वतःच हसायला लागल्या आणि संध्याकाळी शेजारणीला ते सगळं रंगवून सांगितलं.

टेम्पो भरला तेव्हा आम्ही दोघी ड्रायव्हरशेजारी बसून पुण्याला गेलो. बाईंचा कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि मोठी पातेली. त्यांनी आमचीच पोती उघडली, परातीत दाणे पसरले आणि बोटांनी चाळले. मग त्या आतल्या पोरींना म्हणाल्या, "हे वेगळं भिजवा. यात बाकीचं काही मिसळू नका."

दाणे भिजायला वेळ लागणार होता म्हणून त्यांनी आदल्या दिवशी भिजवलेल्या मालाचं गरम दूध आम्हाला पेल्यात दिलं. जाऊबाईंनी एक घोट घेतला आणि विचार केला.

"गूळ हाय का?"

गूळ मिळाला, वेलदोडाही. ते घालून ढवळल्यावर सगळ्यांनी प्यायलं आणि बाईंनी तिथल्या तिथं ठरवलं की हे गुळाचं दूध विकून बघायचं. परतीच्या वाटेवर जाऊबाई खिडकीतून बाहेर बघत स्वतःशीच हसत होत्या.

पुढच्या वर्षी शेजारच्या दोन घरांनी आमच्याबरोबर पेरलं. मग कोल्हारला बचतगटाच्या मेळाव्यात आम्हाला बोलावलं. माणसं समोर असली की जाऊबाई पदराचं टोक चावतात, म्हणून बोलायचं माझ्याकडं होतं. पण माझं बोलणं जरा पुस्तकी झालं असावं. त्यांनी मधेच माझ्या हातातून माईक घेतला, दुसऱ्या हातात मूठभर दाणे घेतले आणि बोलत राहिल्या. पुणतांब्याच्या एका तरुण बाईनं विचारलं, "आमची नदीकाठची काळी जमीन. पाणी साचतं. जमंल का?"

"मला न्हाई माहीत," जाऊबाई म्हणाल्या. "उंच बाजूला थोडंच टाकून बघ. काय अडलं तर फोन कर."

तिचा फोन गणपतीच्या दिवसांत आला. पीक उभं होतं, शेंगा भरत होत्या, पण कसलीशी अळी पानं खात होती. आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं गेलो. अळी फार नव्हती, हातानं वेचून संपण्यासारखी. तिची सासू, ती आणि आम्ही दोघी अशा चौघी डबे घेऊन रानात उतरलो. दुपारी तिनं पिठलं, भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. जाऊबाईंनी तिसरी भाकरी घेतली आणि तिला सांगितलं, मळणीच्या वेळी मी येते, त्या मशीनवाल्याला तू एकटी आवरायची न्हाईस.