चष्मेवाले निवडणुकीला उभे राहतात

आमच्या मतदारसंघातल्या पहिल्या दोन निवडणुका वकीलसाहेबांनी जिंकल्या. तिसरीत त्यांच्याच जावयानं त्यांना धूळ चारली आणि पुढे सासरा-जावई आलटून पालटून निवडून येत राहिले. त्या तिसरीपासून पडणारा मात्र एक माणूस पक्का होता, बाजारातले चष्मेवाले.

त्यांची मागणी एकच. शाळेत जायला पोरांना रेल्वेचे रूळ ओलांडावे लागत, तिथं पूल हवा. अर्ज लिहून लिहून बोटं दुखली, तेव्हा ते स्वतःच अपक्ष उभे राहिले. निशाणी मागितली चष्मा, मिळाली बादली. पुढच्या खेपेला शिडी, मग इस्त्री.

प्रचार दुकानातच. डोळे तपासायच्या तक्त्यावर अगदी खालची बारीक ओळ त्यांनी स्वतः रंगवली होती, 'पूल पाहिजे'.

बायको कपाळाला हात लावायची. "अहो, ज्याला ही ओळ वाचता येते त्याला चष्मा लागत नाही, आणि ज्याला चष्मा लागतो त्याला ही ओळ दिसत नाही!"

मतं पडायची तीनशे, फार तर चारशे. चौथ्या वेळी मात्र गंमत झाली. जावईबापू दोनशे सहा मतांनी पडले आणि चष्मेवाल्यांना मिळाली चक्क अकराशे चाळीस.

दुसऱ्याच दिवशी जावईबापू तणतणत दुकानात शिरले. "काका, माझी मतं खाल्लीत तुम्ही!"

"मी पूल मागितला होता. तुमची मतं नाही."

तेवढ्यात निवडून आलेले वकीलसाहेब हार घेऊन हजर. एकाच बाकावर सासरा आणि जावई, दोघांची तोंडं दोन दिशांना. चष्मेवाल्यांनी शांतपणे तक्त्याकडे बोट केलं. "शेवटची ओळ वाचा."

दोघांनी डोळे बारीक केले. काही केल्या दिसेना. शेवटी बायकोनंच ती वाचली, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी. बाहेर बघे जमले, हसू लागले. वकीलसाहेबांनी तिथल्या तिथे शब्द दिला.

दीड वर्षात पूल झाला. उद्घाटनाचं बोलावणं काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको जाऊन पुलावरून चार वेळा आले-गेले, गुडघे बोलायला लागेपर्यंत.

पुढच्या निवडणुकीत चष्मेवाले उभे राहिले नाहीत. मतदानाला गेले, तर यंत्रासमोरून हलेचनात. केंद्रावरच्या बाईंनी हाक मारली, "काका, काही अडचण?"

"अडचण कसली! आजवर स्वतःचंच बटण दाबत आलो. आज पहिल्यांदाच विचार करावा लागतोय. थांबा जरा."